हातचे उद्योग: कुंड्या, दोरे, चिकटवलेलं, उसवलेलं... तुमचे अनुभव लिहा

चौथा मजला

मंडळी, परवा रविवारी आमचे अहो बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले आणि तिथूनच ओरडले, "अगं, पाय कुठे ठेवू?" तेव्हा मी पहिल्यांदा मोजदाद केली. 23 कुंड्या, रंगाचे 3 रिकामे डबे, श्रीखंडाचे डबे मोजलेच नाहीत, आणि कोपऱ्यात एका पिशवीत अर्धी विणलेली शाल जी 2019 पासून अर्धीच आहे.

म्हटलं आपल्यासारखे अजून असतीलच, तर धागा काढूया. घरच्या घरी हाताने काय काय करता ते लिहा. बाग असो, विणकाम असो, कागदाचं, मातीचं, काहीही. फक्त छान छान नको, काय मेलं, काय बिघडलं, घरचे काय बोलले तेही येऊ द्या.

सुरुवात माझ्यापासून. जूनमध्ये 20 लिटरच्या रंगाच्या डब्यात दुधी लावला. वेल असा सुटला की ग्रिलवरून थेट पाचव्या मजल्यावरच्या काकूंच्या खिडकीत. रोज संध्याकाळी पांढरीशुभ्र फुलं येतात आणि दुसऱ्या दिवशी मान टाकतात. एक दुधी लागला नाही. खत झालं, ताक झालं, दृष्ट काढायची तेवढी बाकी आहे. काकू म्हणतात, "वेल तुझा, केर माझा."

वाकळवाली

मस्त धागा! मी मूळची कराडची, आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आजी गेल्यावर तिच्या सुती नऊवारी कुणालाच टाकवेनात आणि नेसणारंही कुणी नाही, तर मी ठरवलं वाकळ शिवायची. उत्साहात पोटात थरावर थर घातले, बहुतेक सात, आणि सुईच आरपार जाईना. पक्कड घेऊन सुई ओढत बसले होते मी, खरंच सांगते. त्यात मधे आईची एक टेरिकॉट घातली होती ती आतल्या आत सरकून गोळा झाली. आईने बघितलं आणि एक शब्द बोलली, "उसव."

दुसऱ्यांदा आई शेजारी बसली. फरशीवर अंथरून कडेला वरवंटा, लाटणं, कुकरचं झाकण जे हाताला लागेल ते वजन ठेवलं. आधी हात-हातभर लांब कच्चे टाके घातले म्हणजे थर हलत नाहीत, मग कडेपासून आत आत धावदोरा. साडेचार महिने लागले, रोज जेवणं झाल्यावर एक-दोन ओळी. टाके सुरुवातीला मुंगळ्यासारखे आहेत आणि मध्यावर येईपर्यंत मुंगीएवढे झालेत, म्हणजे शिकत गेल्याचा पुरावाच शिवलाय त्यात. एका कोपऱ्यात पदराचा तुकडा आलाय, आजी हळदीचा हात पुसायची तो. तीन वेळा धुतला तरी पिवळाच आहे. मी आता धुवत नाही.

काडीकामठी

पुरुष मंडळी पण लिहू शकतात ना? 😀 माझा उद्योग वर्षातून एकदाच, दिवाळीचा आकाशकंदील. कामट्या तासण्यापासून सगळं घरी. कामटी तासताना चाकू नेहमी अंगापासून लांब चालवायचा हे मला वडिलांनी सांगितलं होतं आणि अंगठ्याला तीन टाके पडल्यावर ते पटलं.

मागच्या वर्षीची गोष्ट. चिकटवायला मैद्याची खळ केली, जिलेटीन पेपर लावले, झिरमिळ्या कापल्या, वसुबारसेच्या आधी एकदम तयार. माळ्यावर ठेवला. काढला तर कागदाच्या कडांना कुरतडून नक्षी. झुरळं! जुनी माणसं खळीत चिमूटभर मोरचूद घालायची ती याचसाठी, मी विसरलो होतो. (मोरचूद विषारी असतं, लहान मुलं खळीत हात घालत असतील तर नकोच.) बायको म्हणाली, यंदा कंदील झुरळांनी खाल्ला, बाजारातून आणूया का. मी रात्री दीडपर्यंत बसून परत कागद लावले. तिरका झाला. लावला तसाच.

बी पेरा

@चौथा मजला ताई, तुमच्या दुधीला खत नको, फुलपाखरू पाहिजे. म्हणजे परागीभवन होत नाहीये. दुधीला नर फूल वेगळं आणि मादी वेगळं. लांब सडक देठावर नुसतं फूल असेल तर नर, फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा केसाळ दुधी दिसत असेल तर मादी. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे दिवसा फिरणाऱ्या मधमाश्यांचा उपयोग कमी, रात्रीचे पतंग वगैरे लागतात, ते चौथ्या मजल्यावर कशाला येतील. तुम्हालाच करावं लागेल. सातच्या सुमाराला नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या मधोमध हलके फिरवायचा. पिवळी पूड लागलेली दिसली पाहिजे. बस्स. दोडक्याचंही असंच, संध्याकाळी. कारल्याचं मात्र सकाळी लवकर.

आधी बघा मादी फुलं येतायत का. नुसती नरच येत असतील तर मुख्य वेलाचा शेंडा खुडा, बाजूच्या फांद्यांवर मादी जास्त येतात. (पुढे त्या फांद्यांचेही शेंडे खुडले की त्याला यूट्यूबवर थ्री-जी कटिंग म्हणतात, आमची आजी नुसतं "शेंडा मोड" म्हणायची.)

चौथा मजला

अगं बाई. म्हणजे मी दोन महिने नर फुलांना ताक पाजतेय?? आज बघते.

हिशोब

जरा खडा टाकतो, रागावू नका. बाजारात मेथीची जुडी 20 रुपयांना मिळते. मी घरी मेथी उगवली त्याचा खर्च: ट्रे 3 नग 450, कोकोपीटची वीट, गांडूळखत, झारी, निंबोळी तेल, एकूण अकराशे आणि काही. मेथी निघाली दोन मुठी. बायकोने त्यात पिठलं घातलं तेव्हा कुठे चौघांना पुरली.

दुसऱ्या खेपेला मात्र शहाणा झालो, केकचा जुना डबा, खाली भोकं, स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पेरले, तिसऱ्या दिवशी कोंब आणि तीन आठवड्यांत खुडायला आली. खर्च शून्य. तरीही दोन मुठीच. पण भाजीवाल्याकडे मेथी घेताना आता मी घासाघीस करत नाही, एवढा फरक पडलाय.

संत्रानगरी

नागपूरहून लिहितो. तुमच्या पुण्या-मुंबईच्या बागा वाचून हेवा वाटते. इथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, गच्चीवरच्या कुंडीत हात घातला तर चटका बसते. पहिल्या वर्षी माझे 14 पैकी 11 झाडं भाजून गेले. मी दुपारी पाणी घालत होतो, मुळं उकडूनच राहिली असतील बापा.

आता पन्नास टक्के सावलीवाली हिरवी नेट लावतो एप्रिल लागताच, काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या सगळ्या काढून टाकल्या, आणि मोठ्या ड्रममध्ये मधोमध एक बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरतो. त्यात पाणी भरून वर बशी झाकायची, पाणी हळूहळू पाझरते आणि मुळं मडक्याला मिठी मारून बसतात. मागच्या उन्हाळ्यात चार दिवस लग्नाला गेलो होतो, आलो तर वांगी जिवंत! कुंडीच्या मातीवर पालापाचोळा पण टाकाच, उघडी माती ठेवू नका.

अबोली

फोंड्याहून. माझ्या सासूबाईंच्या परसात अबोली आहे आणि फाती (आमच्याकडे गजऱ्याला फाती म्हणतात) गुंफायचं काम त्यांचंच. केळीच्या सोपटाचा दोर पाण्यात भिजवून घेतात, फुलाचा देठ म्हणजे नावापुरता असतो, तो अशा काही दुमडतात की मला अजून कळलेलं नाही हात नेमका कुठून येतो. मी लग्नानंतर सहा वर्षं शिकतेय. माझी फाती देवाला चालते, केसात माळायला सासूबाई स्वतःचीच देतात. 🙂

अबोलीची एक गंमत. तिच्या सुकलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती टच्च करून फुटतात आणि बिया उडतात. पहिल्या पावसात ओसरीवर बसलं की टच टच ऐकू येतं. मग महिन्याने शेजारच्या सगळ्या कुंड्यांत अबोली. माझ्या मिरचीच्या कुंडीत सध्या मिरची एक आणि अबोली पाच आहेत.

गाळ आणि माती

कुणी शाडूबद्दल लिहिलं नाही म्हणून. आम्ही घरचा गणपती घरीच करतो, हे सातवं वर्ष. पहिल्या वर्षी मूर्ती लवकर वाळावी म्हणून उन्हात ठेवली, संध्याकाळी सोंडेपासून पोटापर्यंत भेग. सावलीतच वाळवायची, आणि भेग गेली तर त्याच मातीचं पातळ पाणी करून ब्रशने भरायची. दुसऱ्या वर्षी कान जड झाले, रात्रीत एक गळून पडला, मुलीने शाळेत जायच्या आधी परत बसवला आणि डॉक्टरसारखं सांगून गेली, "हात लावू नका."

विसर्जन बादलीत. वरचं पाणी ओतून तळाची माती वाळवून ठेवतो, पुढच्या वर्षी तीच भिजवायची. एक चूक सांगतो, ती माती मी एकदा कुंडीत टाकली होती, सगळे टाकतात म्हणून. शाडू फार बारीक असतो, कुंडीत त्याची ढेप बसते आणि पाणी खाली जातच नाही. गेलं बिचारं शेवंतीचं झाड.

किल्लेदार

@गाळ आणि माती भारी! आमच्याकडे दिवाळीचा किल्ला. त्यावर हिरवळ म्हणून अळीव पेरतो, ओल्या मातीवर नुसते भुरभुरायचे, तीन-चार दिवसांत राजगड हिरवा. यंदा पोराने आईच्या डब्यातले डिंकाच्या लाडवाचे सगळे अळीव पेरले. लाडू राहिले.

जर्सीकर मावशी

न्यू जर्सीतून नमस्कार. आमच्याकडे मे अर्धा सरल्याशिवाय बाहेर काही लावायची हिंमत होत नाही आणि ऑक्टोबरात पुन्हा सगळं उचलून आत. त्यामुळे बाग म्हणजे अर्धं वर्ष बाग आणि अर्धं वर्ष फर्निचर.

कढीपत्त्याचं रोप मला एका मैत्रिणीने तिच्या झाडाखाली आलेलं पिल्लू म्हणून दिलं. इथे दुसऱ्या राज्यातून रोप मागवणं सोपं नाही, लिंबाच्या जातीच्या झाडांना त्रास देणारी कीड कढीपत्त्यावरही राहते म्हणून बंधनं असतात. तर ते जिवापाड जपलं. पहिल्या हिवाळ्यात एकेक करून सगळी पानं गळली, नुसती काठी. मुलगा म्हणाला, टाकून दे. मी म्हटलं राहू दे, पाणी अगदी कमी केलं. मार्चमध्ये त्या काठीला बुंध्याशी हिरवा ठिपका आला, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना दिसला आणि माझा माइक सुरू होता. सगळ्यांना वाटलं मला प्रमोशन मिळालं.

अळूचं मात्र हसं झालं. दुकानातून अळकुड्या आणून लावल्या, पानं ही अशी छत्रीएवढी. गणपतीला बारा जणांना जेवायला बोलावून अळूवडी केली. चिंच थोडी कमी पडली की पानंच खाजरी होती कुणास ठाऊक, आरती झाली, जेवणं झाली आणि बारा माणसं घसा खाजवत दही मागतायत.

ओला कचरा

वाचून हसतेय. माझं छोटंसं. कंपोस्टचा डबा सुरू केला, तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर आत वळवळ. मी झाकण टाकून पळाले, नवऱ्याने डबा सोसायटीच्या गेटबाहेर नेऊन ठेवला. नंतर कळलं की त्या काळ्या माशीच्या अळ्या असतात, त्रास काही देत नाहीत, उलट कचरा भराभर संपवतात. डबा आणायला गेले तर डबा गायब. ज्याने नेला त्याचं काय झालं असेल?

वाकळवाली

@ओला कचरा 😂😂 त्याने पण झाकण उघडून पळ काढला असेल.
बाकी तुमचा डबा ओला जास्त झाला असेल, वास येत होता का? सुका पाला किंवा फाडलेले पुठ्ठे घालत जा, ओल्याच्या दुप्पट तरी.

रात्रपाळी

ब्रह्मकमळ आहे आमच्याकडे, एका पानापासून झालेलं. हे हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ नाही, हे मेक्सिकोकडचं निवडुंग आहे, हे मी दर वर्षी सोसायटीत सांगतो आणि दर वर्षी सगळे मान हलवून हळदकुंकू वाहतात. जुलैत एका रात्री 9 फुलं आली. साडेनऊला कळ्या हलायला लागतात, अकरापर्यंत पूर्ण. खालच्या मजल्यावरचे आजोबा, ज्यांच्याशी पार्किंगवरून दोन वर्षं बोलणं नव्हतं, ते स्वेटर घालून जिना चढून आले, खुर्ची घेतली, फुलाकडे बघत बसले. चहा झाला. पार्किंगचा विषय कुणीच काढला नाही. सकाळी फुलं लोंबत होती आणि त्यांची गाडी माझ्या जागेवर होती.

चौथा मजला

आले परत, दोन आठवड्यांनी. रिपोर्ट देते.

@बी पेरा दादा, पहिले चार दिवस नुसती नर फुलं. शेंडा मोडला, जीव वर-खाली झाला. मग एक दिवस फुलामागे खरंच इवलासा केसाळ दुधी दिसला. ऑफिसातून डोंबिवलीला उतरेपर्यंत साडेसात, चपला न काढता बाल्कनीत. आमचे अहो मोबाईलचा टॉर्च धरून उभे, मी स्टुलावर, पाकळ्या दुमडतेय, आणि वरून काकू डोकावून विचारतायत, "कोण आजारी आहे गं?"

पहिला बोटभर झाला आणि पिवळा पडून गळला. दुसऱ्याच्या वेळी दोन नर फुलं वापरली. तो आज माझ्या वीतभर आहे. पण मादी फूल नेमकं काकूंच्या ग्रिलच्या आत गेलेल्या फांदीवर होतं, त्यामुळे दुधी लटकतोय त्यांच्या खिडकीत. काकूंनी त्याला जुन्या ओढणीची झोळी बांधलीय आणि आज सकाळी लिफ्टमध्ये विचारत होत्या, चणाडाळ घालून करू की कोफ्ते?