कोल्ड प्लाझ्माने बदामावरचा साल्मोनेला खरंच मरतो का?

पॅकिंगवाला: ड्रायफ्रुट-मसाल्याचं छोटं युनिट आहे, खरेदीदार साल्मोनेलाचा (पोट बिघडवणारा जिवाणू) रिपोर्ट मागतात आणि वाफ दिली की बदामाची साल सैल पडते. कुणीतरी कोल्ड प्लाझ्मा सुचवलं. प्लाझ्मा म्हणजे वीज ना, मग थंड कसा?

जिवाणूकाका: थंड म्हणजे फ्रीजसारखा नाही हो 😄 प्लाझ्मा म्हणजे विजेने भारलेला वायू, त्यातले इलेक्ट्रॉन भयंकर तापतात पण वायू कोमटच राहतो. दोन इलेक्ट्रोड, मध्ये काचेचा किंवा सिरॅमिकचा थर, हाय व्होल्टेज दिलं की जांभळट उजेड पडतो आणि हवेतूनच ओझोन, नायट्रोजन ऑक्साइड वगैरे बनतात, ते जिवाणूचं आवरण फोडतात.

लॅबवाली: हे सगळं पृष्ठभागापुरतं. भेगेत लपलेला वाचतो, आणि बदामात तेल, जास्त वेळ दिलात तर खवट वास येणार. कॅलिफोर्नियात २००१ आणि २००४ च्या साल्मोनेलाच्या साथींनंतर २००७ पासून बदाम पाश्चराइज करणं सक्तीचं झालं, पण तिथेही मुख्यतः वाफ किंवा प्रॉपिलीन ऑक्साइडच वापरतात, आणि ते रसायन युरोपला चालत नाही.

पॅकिंगवाला: आणि मिरी?

लॅबवाली: मिरीवरचे बॅसिलस जिवाणूचे स्पोअर (कवचातलं सुप्त रूप) फार चिवट, त्यापेक्षा वाफच बरी. मशीनवाला "३ लॉग" म्हणाला तर हजारातला एक उरतो एवढंच समजा, आणि टेस्ट तुमच्याच मालावर करून मागा, त्याच्या ब्रोशरमधल्या टोमॅटोवर नको.

जिवाणूकाका: मुंबईत माटुंग्याच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) यावर काम झालंय, आधी तिथे विचारा, मशीन नंतर.