पिकअप चालू होते, दोन मिनिटांत बंद पडते. एअर कुठनं घेत असेल? (घरीच दुरुस्ती शिकतेय)

चिखलीची_लेक

नमस्कार. मी प्रयाग चिखलीची. घरची शेती आहे आणि एक पिकअप आहे, 2003 ची. डिझेल, इंजेक्टरला डिझेल पुरवणारा पंप साधा मेकॅनिकल, टर्बो नाही. आण्णांनी वीस वर्षं हीच गाडी चालवली, गुऱ्हाळातनं गुळाचे रवे मार्केट यार्डाला पोचवले. या उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गाडी शेडात उभी आहे. मी आठवडाभर कोल्हापुरात पतसंस्थेत कामाला असते. रविवारी गाडीखाली. पाना हातात धरायला लागून चारच महिने झालेत.

आतापर्यंत बॅटरी चार्ज केली, इंजिन ऑइल बदललं, डिझेल फिल्टर बदलला. फिल्टर बदलल्यावर एअर, म्हणजे लाइनीत अडकलेली हवा, काढली. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल केला आणि फेस थांबून सलग डिझेल येईपर्यंत फीड पंपाचा (टाकीतनं डिझेल ओढून फिल्टरकडं ढकलणारा छोटा पंप) हातपंप मारला. मग स्टार्टर मारला तर गाडी पहिल्या झटक्यात चालू! दोन मिनिटं चांगली चालली, मग आवाज वरखाली व्हायला लागला आणि बंद. परत स्क्रू सैल केला तर परत फेस. तीन रविवार हेच चाललंय. आण्णा अंगणात बाजेवर बसून असतात, ते अर्धं मिनिट आधीच सांगतात, "आता मरतंय बघ." आणि बरोबर मरतं.

डिझेल कुठंही गळत नाही. रात्रभर खाली पुठ्ठा टाकून बघितला, सकाळी कोरडा. फिल्टरची वॉशरं नवी घातलीत.

गॅरेजवाले म्हणाले, पंप उतरवावा लागेल, 18 हजार होतील. पाहुणे म्हणतात भंगारात घाला. मला तसं करायचं नाही. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी दारात आलं तेव्हा आमच्या दोन म्हशी, रेडकू, धान्याची पोती, सगळं याच गाडीतनं सोनतळीला गेलं. हंगाम सुरू व्हायच्या आत गाडी रस्त्यावर यायला पाहिजे, आणि ती मीच आणायची आहे. पंप खरंच गेला असेल का? गळत नसेल तर एअर आत जाते कुठनं?

पंपरूमवाला_उद्यमनगर

ताई, पंप उतरवू नका. निदान अजून नको.

31 वर्षं डिझेल पंपाचंच काम करतोय. तुम्ही लिहिलंय त्यात पंप गेल्याचं एकही लक्षण नाही. एअर काढली की गाडी पहिल्या झटक्यात लागते, म्हणजे पंप प्रेशर बनवतोय, इंजेक्टर फवारा मारतायत. आजार पंपाच्या अलीकडं आहे.

एक गोष्ट नीट समजून घ्या, मग सगळं सोपं होतंय. डिझेलची लाइन दोन तऱ्हेची असते. फीड पंपाच्या पुढं, म्हणजे फिल्टरकडं, डिझेल ढकललं जातं. तिथं फट असली की डिझेल बाहेर येणार, तुमचा पुठ्ठा ओला होणार. टाकीपासून फीड पंपापर्यंत मात्र डिझेल ओढलं जातं. तिथं फट असली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरनं सगळं कोरडं, नुसती धूळ. म्हणून कोरडा पुठ्ठा बघून लाइन चांगली आहे असं समजू नका. तो कोरडा आहे म्हणूनच माझा संशय टाकीकडच्या बाजूवर आहे.

आता खात्री अशी करायची. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात गाळलेलं डिझेल घाला आणि बॉनेटच्या उंचीला पक्का बांधा. सायलेन्सरपासून आणि बॅटरीपासून लांब. फीड पंपाला टाकीकडनं येणारा पाइप काढा आणि तिथं कॅनमधनं पारदर्शक पाइप जोडा. रिटर्नचा, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा पाइप पण कॅनमध्येच सोडा. एअर काढा, चालू करा. वीस मिनिटं बिनतक्रार चालली तर पंप आणि फिल्टर निर्दोष. मग टाकी ते फीड पंप एवढंच शोधायचं राहतं. आणि कॅनवर पण मेली तर आपण पुढं बघू.

त्याआधी एक मिनिटाचं काम करा. टाकीचं झाकण सैल करून एकदा चालवून बघा. झाकणाचं भोक मातीनं बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि डिझेल ओढलं जात नाही. त्यात फेस येत नाही, त्यामुळं तुमचं ते नसावं. पण फुकटातलं आधी बघायचं.

दोन ठिकाणी जपा. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू अंगात जोर आणून आवळू नका. ॲल्युमिनियमचा आटा असतो, गेला की अख्खं हेड बदलायला लागतं. आणि इंजेक्टरच्या लोखंडी पाइपजवळ गळती शोधायला चालू इंजिनवर बोट कधीच लावायचं नाही. तिथं दोनशे बारच्या घरात प्रेशर असतं, डिझेलची बारीक धार कातडी फोडून आत जाते. वरनं टाचणीएवढं दिसतं आणि आत हात सडतो. पुठ्ठा पुढं धरायचा, हात नाही. कॉमन रेलच्या, म्हणजे नव्या तऱ्हेच्या डिझेल गाड्यांत तर हे हजार बारच्या वर जातं, त्या गाडीचा पाइप मी कुणालाही घरी सैल करू देत नाही.

शिरोली_सेकंड_शिफ्ट

काकांनी इंजिनचं सगळं सांगितलंय, त्यात मी बोलत नाही. ताई, मला एकच विचारायचंय. गाडीखाली जाता तेव्हा गाडी कशावर उभी असते?

मी फौंड्रीत कामाला आहे, जड वस्तू उचलायचं रोजचंच. तरी दोन वर्षांपूर्वी घरासमोर मातीत जॅक लावला, मागचं चाक काढलं आणि ब्रेकचा ड्रम खोलत बसलो. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. पाण्याची बाटली घ्यायला म्हणून पाय बाहेर काढला आणि जॅक मातीत रुतून आडवा झाला. ड्रम जिथं टेकला तिथं माझी मांडी होती. आवाज ऐकून आई बाहेर आली, ती अजून मला गाडीखाली जाऊ देत नाही. तिचं बरोबरच आहे.

तुमच्याकडं तर सगळी काळी माती. जॅकखाली जाड फळी घाला, फूटभर तरी रुंद. जॅक फक्त उचलायला, वजन पेलायला लोखंडी घोड्या, त्या पण फळीवर. विटा रचू नका, वीट सांगून फुटत नाही. जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना दोन्ही बाजूंनी ओंडके. मग गाडीला खांदा लावून हलवून बघा, हलली नाही तरच आत जा. आणि घरात कुणीतरी जागं असू दे.

आणखी एक. इतके महिने उभी असलेली गाडी चालू झाली की माणूस आनंदानं लगेच गेटबाहेर काढतो. मागचे दोन्ही ड्रम उघडल्याशिवाय तसं करू नका. पावसाळ्यात व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत ब्रेक लायनर ढकलणारे) गंजून धरतात, त्यांचं रबर फुगतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते सगळं नवीन घाला. ब्रेकमधली एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून (ब्रेक पेडलला जोडलेला मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे तुमचं मागचं डावं. ड्रममधली काळी पावडर फुंकरीनं किंवा हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जायला नको.

पाना_14_15

एवढं कॅन-बिन कशाला? टाकीपासून सगळा पाइप नवीन टाका, क्लिपा नवीन, संपला विषय.

पंपरूमवाला_उद्यमनगर

@पाना_14_15, संपेलही. पण नवीन पाइप टाकूनसुद्धा गाडी मेली तर त्या परत पहिल्या पायरीवर. त्या शिकतायत. आजार कुठं होता हे कळलं तर पुढच्या वेळी आवाजावरनं ओळखतील.

चिखलीची_लेक

काका, सापडलं!

झाकण सैल करून काही फरक नाही. मग कॅन बांधला, तुम्ही सांगितलं तसा रिटर्न पण त्यातच सोडला. गाडी पंचवीस मिनिटं चालली. शेवटी मीच बंद केली. आण्णा बाजेवरनं उठून काठी टेकत बॉनेटपर्यंत आले, कान लावून उभे राहिले, काही बोलले नाहीत.

मग कॅन काढला, टाकीची लाइन परत जोडली, पण फीड पंपाच्या तोंडाशी हातभर पारदर्शक पाइप ठेवला. चालू केल्यावर पहिलं मिनिट नुसतं डिझेल. मग मेथीच्या दाण्याएवढे बुडबुडे, एकामागं एक. नंतर पाइप अर्धा रिकामाच दिसायला लागला आणि आण्णांचं "आता मरतंय." तेवढ्यात आवाज हलायला लागला.

गाडी बंद करून लाइन बोटांनी चाचपत मागं गेले. चेसिसच्या कडेनं जाणारा लोखंडी पाइप ठीक आहे. तो जिथं टाकीकडच्या रबरी पाइपला जोडलाय तिथं क्लिप होती, बाहेरनं चांगली आवळलेली. क्लिप काढून रबर वाकवलं तर त्याच्या पोटात केसाएवढ्या चिरा, बोटभर लांबीच्या. सोडलं की मिटतात, वाकवलं की उघडतात. वर सुकी धूळ, डिझेलचा एक डाग नाही. ज्या जागेवरनं मी तीन रविवार हात फिरवून "इथं कोरडं आहे" म्हणत होते तीच जागा. नवीन डिझेल पाइप मीटरभर आणि दोन क्लिपा, 160 रुपये.

काका, एक विचारते. गेली तीन वर्षं सकाळी गाडी लवकर लागायची नाही. आण्णा रात्री ती गोठ्याच्या उतारावर तोंड खाली करून लावायचे, सकाळी ढकलून चालू करायचे. आम्ही बॅटरी गेली म्हणून दोन बॅटऱ्या बदलल्या. याच चिरेतनं रात्रभर हवा शिरून डिझेल मागं टाकीत उतरत असेल ना? त्यांचा गुडघा त्याच ढकलण्यात गेला असं मला राहून राहून वाटतंय.

@शिरोली_सेकंड_शिफ्ट दादा, खरं सांगते, मी विटांवरच ठेवत होते. तुमचं वाचलं आणि त्या आठवड्यात आत गेलेच नाही. घोड्या आणल्या, बाभळीची फळी कापून घेतली. काल मागचे ड्रम उघडले. उजवा कोरडा, डाव्याचा सिलिंडर ओला आहे, रबराखालनं ऑइल येतंय. गेटबाहेर अजून काढलेली नाही.

पंपरूमवाला_उद्यमनगर

होय ताई, तेच. इंजिन बंद झालं की लाइनीतलं डिझेल आपल्या वजनानं मागं जायला बघतंय. वाटेत हवा शिरायला जागा मिळाली की उतरतंच. उतारावर तोंड खाली केलं की टाकी वर राहते, म्हणून आण्णांची युक्ती लागू पडत होती. त्यांना कारण माहीत नव्हतं, पण गाडी माहीत होती. गुडघ्याचं मनाला लावून घेऊ नका. ज्यांच्याकडं गाडी नेत होता त्यांनी हे बघायला पाहिजे होतं, तुम्ही नव्हे.

चिखलीची_लेक

आण्णांना वाचून दाखवलं. "इचार त्यास्नी, शनवारी दुकान कवा उघडतंय" म्हणाले. सिलिंडरचा नमुना घेऊन येते.

पंपरूमवाला_उद्यमनगर

नऊला. ब्रेकचं काम माझं नाही, पण शेजारचं दुकान त्याचंच आहे, मी येतो बरोबर. सिलिंडर धुऊन-पुसून आणू नका, आहे तसा आणा. रबर फुगलंय का आतल्या बोअरला गंजानं खड्डे पडलेत, ते बघून ठरवू. खड्डे असतील तर नुसतं रबराचं किट घालून चालत नाही, अख्खा सिलिंडरच घ्यायला लागेल.