गोवर येऊन गेल्यापासून पोरगं सारखं आजारी पडतंय, आधीच्या लसी वाया गेल्या काय?

शाहूपुरीची_आई
नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या. मुलगा साडेतीन वर्षांचा. जूनच्या शेवटाला त्याला गोवर निघाला, आशाताईंनी कळवल्यावर रक्त पण तपासायला नेलं आणि रिपोर्ट गोवरच आला, म्हणजे त्यात शंका नाही. गोवराच्या लसीचा नवव्या महिन्याचा डोस झालेला, दीड वर्षाचा मात्र ह्यांची पुण्याहून इकडं बदली झाली त्या गडबडीत राहिला. पुरळ गेलं, ताप उतरला, पण तेव्हापासून पोरगं सरळ होईना. आधी कान फुटला, मग खोकला छातीत उतरला, आता परत अंग गरम. बालवाडीत दोन दिवस गेलं की चार दिवस घरात. डॉक्टरांनी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी) करायला सांगितली, ती एकदम नॉर्मल. सासूबाई म्हणतात गोवर निघून गेला म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडली, आता पोर घट्ट होणार. आणि नणंदेनं व्हॉट्सअॅपवर पाठवलंय की गोवर आधीच्या सगळ्या लसी पुसून टाकतो. दोघींपैकी खरं कुणाचं? आणि पुसल्या असतील तर बीसीजीपासून (जन्मल्यावर देतात ती टीबीची लस) सगळं परत द्यायचं का? राहिलेला डोस द्यायचा, की होऊन गेला म्हणून गरज नाही?

पंचगंगाकाठ
ताई काय घाबरू नका. आमच्या टायमाला गल्लीत एकाला गोवर आला की आठवड्यात सगळ्यांना यायचा, उशाला लिंबाचा पाला, अंगाला पाणी न्हाई, ताकभात खायचा, संपला विषय. त्यातली पोरं आज पन्नाशीला आल्यात, ठणठणीत हायेत. आता दर वर्षी एक नवीन संशोधन येतंय आणि आई-बापाची झोप उडवतंय.

सूक्ष्मजीव
मायक्रोबायोलॉजी शिकलोय, डॉक्टर नाही, एवढं आधीच सांगतो. तुमच्या नणंदेनं पाठवलंय त्यात तथ्य आहे, फक्त "सगळ्या" हा शब्द जास्तीचा आहे.

आणि हे काही नवीन खूळ नाही हो काका. १९०८ सालीच व्हिएन्नात फॉन पिर्के नावाच्या बालरोगतज्ज्ञानं बघितलं होतं की ज्या मुलांची टीबीची कातडीवरची टेस्ट पॉझिटिव्ह यायची त्यांना गोवर झाला की तीच टेस्ट काही दिवस निगेटिव्ह यायची. म्हणजे शरीर ओळखीच्या जंतूला ओळखेनासं होत होतं. का, ते तेव्हा कळायचं साधन नव्हतं. आता माहिती आहे की पांढऱ्या पेशींवर सीडी१५० नावाचं प्रथिन असतं, गोवराचा विषाणू त्यालाच पकडून आत शिरतो, आणि जुन्या आजारांची आणि लसींची आठवण ठेवणाऱ्या ज्या मेमरी पेशी असतात त्यांच्यावर ते भरपूर असतं, त्यामुळं पहिला तडाखा त्यांनाच बसतो.

आता सीबीसी नॉर्मल का, ते आपल्या भाषेत सांगतो. तालमीत जुना पैलवान असला की समोरच्यानं हात लावला रे लावला की त्याला डाव कळतो. गोवर नेमके हे जुने पैलवान उचलतो. थोड्या दिवसात आखाडा परत भरलेला दिसतो, पण भरलेला असतो नवख्यांनी, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना फक्त गोवराचाच डाव माहीत. सीबीसी फक्त डोकी मोजते. कुणाला काय येतं ते तिच्यात दिसत नाही.

किती पुसलं जातं? २०१९ मध्ये मायकेल मिना आणि स्टीफन एलेज यांच्या टीमनं नेदरलँडमधल्या ७७ मुलांचं गोवराच्या आधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं. ही मुलं धार्मिक कारणानं लस न घेणाऱ्या समाजातली. वेगवेगळ्या जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडी (जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं) मोजल्या तर कुणाच्या ११ टक्के गेल्या होत्या, कुणाच्या ७३ टक्के. त्याच वर्षी दुसऱ्या एका टीमनं फेरेट नावाच्या प्राण्यांना आधी फ्लूची लस दिली, मग गोवराच्या जवळच्या नात्यातला, कुत्र्यांना होतो तो डिस्टेंपर विषाणू दिला, तर फ्लूच्या अँटिबॉडी घटल्या आणि नंतर फ्लूनं ते जास्त आजारी पडले. तेव्हा लसीची कमाई पण जाऊ शकते हे खरं.

पण ज्या मुलांना गोवराची लस दिली होती त्यांच्यात अशी घट दिसली नाही. लसीतला विषाणू जिवंत पण अशक्त केलेला असतो, तो गोवराची ओळख करून देतो आणि बाकीच्यांना हात लावत नाही. म्हणून "होऊन गेलेला बरा" ह्या म्हणण्याला माझा पक्का विरोध आहे. सासूबाईंना दुखावू नका, पण पोर घट्ट झालं ते फक्त गोवरापुरतं.

पंचगंगाकाठ
मग आमी कसं काय जगलो ते पण सांगा की.

सूक्ष्मजीव
काका, घरातल्या जुन्या बायकांना विचारून बघा. "गोवर बरा झाला होता, मग न्यूमोनियानं गेलं", "हगवणीनं गेलं" असंच ऐकायला मिळेल. ते मरण गोवराच्या खात्यात कुणी मांडलंच नाही. २०१५ साली मिनांनीच इंग्लंड-वेल्स, अमेरिका आणि डेन्मार्कच्या जुन्या नोंदी घेऊन हाच हिशोब मांडला, गोवराची साथ जोरात असली की पुढची दोन-तीन वर्षं मुलांचे दुसऱ्या संसर्गानं होणारे मृत्यूही वाढलेले, आणि लस आल्यावर दोन्ही आकडे बरोबर खाली आले. १९६३ मध्ये लस आली त्याआधी जगात गोवरानं वर्षाला २६ लाखांच्या आसपास माणसं जायची, आणि आपल्याकडं तर ती सरकारी कार्यक्रमात १९८५ ला आली. तुम्ही जगलात ह्याचा आनंदच आहे :)

करवीर_सिस्टर
बाकी सगळं ठीक आहे पण इथं कुणी मुद्द्याचं विचारलंच नाही. शाहूपुरीची_आई, कार्ड काढा आणि १६ ते २४ महिन्यांची ओळ बघा. त्या वयात एमआरचा (गोवर-रुबेलाची लस) दुसरा डोस एकटा नसतो, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर पण त्याच भेटीत असतो. एमआर राहिला असेल तर बाकीचे पण राहिलेच असणार, आईच्या लक्षात एकच राहतो. तुम्ही गोवरानं काय पुसलं ह्याची काळजी करताय आणि इकडं कार्डावर मुळात लिहिलंच गेलेलं नाही असं नको व्हायला.

एमआर पाच वर्षांपर्यंत सरकारीत मिळतो, द्या. गोवर होऊन गेला तरी देतात कारण त्यात रुबेला पण आहे आणि जास्तीच्या डोसनं नुकसान नाही. साधी सर्दी असेल तर चालतं, अंग तापलेलं असेल तर उतरू दे. बीसीजी, पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) परत पहिल्यापासून द्यायची पद्धत नाही, राहिलेले आणि पुढचे बूस्टर वेळेवर पूर्ण करायचे, पाच वर्षांचा डीपीटी पण विसरू नका. पीसीव्ही (न्यूमोकोकस जंतूवरची लस) किंवा फ्लूच्या लसीचं तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, कान फुटल्याचं त्यांना आवर्जून सांगा.

दुसरं, गोवर झाला तेव्हा व्हिटॅमिन ए दिलं होतं का? एक वर्षाच्या वरच्या पोराला २ लाख युनिट, लागोपाठ दोन दिवस. दिलं नसेल तर तेही सांगा डॉक्टरांना, मनानं पाजू नका.

आणि पहिला डोस घेऊन गोवर कसा झाला म्हणून लसीला नावं ठेवू नका कुणी. नवव्या महिन्यात दिला तर १०० पैकी ८५ पोरांनाच लागू पडतो, कारण आईकडून आलेल्या अँटिबॉडी अजून शिल्लक असतात आणि त्या लसीलाच निकामी करतात. दोन डोस झाले की ९७ पर्यंत जातं. उरलेल्या पोरांसाठीच तर दुसरा असतो.

आमच्याकडं सीझन सुरू झाला की कारखान्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यात दीड-दोन वर्षांची पोरं असतातच, पहिला डोस गावाकडं झालेला, दुसऱ्याच्या वेळी आई फडात, कार्ड पेटीत कुठंतरी. खोपटाखोपटात जाऊन विचारायला लागतं. एमआरची बाटली एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरलं तर फेकायचं, म्हणून एका पोरासाठी पण फोडायची का असा प्रश्न पडतो आणि फोडायचीच असं आम्हाला सांगितलेलं आहे. उजव्या दंडात अर्धा मिली, मिनिटाचं काम. त्या एका मिनिटासाठी अर्धा दिवस फिरायचं.

उचगावकर
सगळं गोवराच्या माथ्यावर मारू नका राव. बालवाडीत नवीन गेलेलं पोरगं वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-तापानं आजारी पडतंच, आमच्या पोरीला गोवर नव्हता तरी पहिलं वर्ष असंच गेलं. ते ७७ मुलांचं संशोधन चांगलंच असणार पण त्यावरून ह्या एका पोराचं काय गेलं ते कुणालाच सांगता येणार नाही. कान मात्र अजून वाहत असेल तर अंगावर काढू नका, ईएनटीला दाखवा, आणि झोपेत छाती भराभर उडत असेल तर सकाळची वाट बघू नका.

शाहूपुरीची_आई
सिस्टर, कार्ड काढलं. तुम्ही म्हणालात तसंच आहे, ती अख्खी ओळ कोरी. डीपीटी बूस्टरचं कुणी बोललं पण नव्हतं आणि माझ्या डोक्यात नुसतं गोवर गोवर. व्हिटॅमिन ए दिलेलं, दोन्ही दिवस, चमच्यानं, ते आठवतंय कारण त्यानं अर्धं ह्यांच्या शर्टावर थुंकलं होतं, ते चाललं असेल का? कान आता कोरडा आहे. सासूबाईंना काकांची आणि सूक्ष्मजीव यांची चर्चा वाचून दाखवली, त्या म्हणाल्या त्यांचा एक धाकटा भाऊ गोवर उतरल्यावर महिन्याभरात जुलाबानं गेला होता. आजवर कधी बोलल्या नव्हत्या.

करवीर_सिस्टर
थुंकल्याचं डॉक्टरांना सांगा, ते बघतील. ताप नसेल त्या दिवशी कार्ड घेऊन नागरी केंद्रात जा, एमआर, डीपीटी, पोलिओ एकाच वेळी देता येतात, तीन चकरा मारायला सांगितल्या तर थांबून विचारा. डीपीटीनं रात्री ताप येतो आणि सुई दिलेली जागा दुखते, पॅरासिटामॉल किती द्यायचं ते वजनावर तिथंच विचारून घ्या. एमआरचा ताप आला तर आठवड्यानं येतो, तेव्हा परत गोवर आला म्हणून घाबरू नका.

पंचगंगाकाठ
सिस्टर एक विचारू का. नातू हाय २० महिन्यांचा, त्याचं कार्ड सूनबाईच्या माहेरी गडहिंग्लजला हाय. कार्ड नसताना टोचत्यात काय? आणि मला लहानपणी येऊन गेलाय, तर मला पण घ्यायला लागती काय आता?

करवीर_सिस्टर
टोचतात. सूनबाईंना कार्डाचा फोटो मागवा, नाहीच मिळाला तर नवीन कार्ड करून देतील, पण २० महिने म्हणजे आत्ताच वेळ आहे. तुम्हाला नको काका, तुमच्या अंगात गोवराविरुद्धची ताकद जन्मभराची आहे.