टारफुला न येणारी ज्वारी क्रॉस केली तर गुण पुढे उतरतो का?

कोरडवाहू: मंडळी, ज्वारीत टारफुला, म्हणजे मुळांवर जगणारं तण, फार झालाय, पांढरी फुलं दिसेपर्यंत ताटं पिवळी पडून खुरटलेली असतात, उपटून उपटून कंबर गेली. प्रतिकारक वाण गावरान ज्वारीशी क्रॉस केला तर पहिल्याच पिढीत फरक दिसेल का?

शिवार७: कुठला वाण घेताय त्यावर आहे दादा. टारफुल्याचं बी धुळीसारखं बारीक, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ज्वारीच्या मुळातून स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन पाझरलं की जागं होतं. एसआरएन ३९ सारख्या वाणात एलजीएस१ हा जीन बंद असतो, मग मुळातून वेगळ्या जातीचं स्ट्रायगोलॅक्टोन येतं आणि बी फारसं उगवतच नाही. पण हा गुण रिसेसिव्ह, आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. त्यामुळे एफ१, म्हणजे पहिली पिढी, टारफुल्याला बळी पडणार, एफ२ मध्ये, म्हणजे तिच्याच बियांच्या दुसऱ्या पिढीत, साधारण चारात एक झाड तग धरणारं निघेल. यावर आयुष्य घालवलेल्या ज्वारी-शास्त्रज्ञ गेबिसा एजेटांना २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि खरंच योग्य माणसाला मिळाला.

बीजप्रेमी: आपल्याकडचा एन १३ पण बघा. त्याच्यात बी उगवतं, पण मुळाच्या पेशींच्या भिंती जाड होतात आणि टारफुल्याला आत घुसता येत नाही. मात्र त्यामागे बरेच जीन आहेत, एकेकाचा थोडा थोडा वाटा, म्हणून निवड करायला चिकाटी लागते.

कोरडवाहू: म्हणजे एफ१ बघून नाराज व्हायचं नाही. एफ२ टारफुल्याच्याच पट्ट्यात पेरतो, हिरवी राहतील त्या ताटांना चिंधी बांधून कणसं वेगळी ठेवतो.