वीज बाजारात दर चुकला तर जुना हिशेब उकरायचा का?

फोंडेकर: टेक्सासचं प्रकरण परत वाचतोय. फेब्रुवारी 2021, कडाक्याची थंडी, वीजकेंद्रं बंद पडली. नियामक आयोगाने घाऊक दर कमाल मर्यादेला, मेगावॅट-तासाला (म्हणजे हजार युनिटांना) 9,000 डॉलरला, नेऊन ठेवला. म्हणजे युनिटला साधारण 650 रुपये! भारनियमन 17 तारखेच्या रात्री संपलं, दर मात्र 19च्या सकाळपर्यंत तिथेच. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेने म्हटलं, सुमारे 32 तास दर नाहक चढा राहिला, 16 अब्ज डॉलरचा जादा भार पडला. आयोगाने दर बदलले नाहीत. माझं मत सरळ आहे: चौकशीत चूक दिसली की दर नव्याने काढा, पैसे परत करा. गोवा वीज घेणारा, विकणारा नव्हे. आपण विकणाऱ्याची बाजू घ्यायचीच कशाला?

हिशेबनीस: आधी चूक कुठली ते ठरवा. संगणकात आकडा चुकीचा गेला तर ती चूक. टेक्सासात आयोगाने समजून-उमजून हुकूम काढला. 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तो हुकूम वैध ठरवला. आणि ते 16 अब्ज सगळे खिशातून गेलेले नाहीत, अनेकांनी दर आधीच बांधून घेतला होता.

फोंडेकर: न्यायालयाने अधिकार तपासला. दर योग्य होता असं कुठे म्हटलं?

कुंडईवाला: कारखान्याची वीजखरेदी मी बघतो. दर चढा दिसला म्हणून मी एक पाळी बंद ठेवली, आणि चार महिन्यांनी कोणी म्हणालं की तो दर खोटाच होता. बुडालेलं उत्पादन कोण भरून देणार? ज्याने वीज वापरली त्याला परतावा, ज्याने शहाणपणाने वाचवली त्याला ठेंगा!

म्हापसेकर: न्यूझीलंडने करून दाखवलंय की. 26 मार्च 2011ला वीजवाहिनी दुरुस्तीसाठी बंद होती, हंटली वीजकेंद्राने भाव चढे लावले, दर मेगावॅट-तासाला 20,000 न्यूझीलंड डॉलरच्या घरात गेला. तिथल्या वीज प्राधिकरणाने चौकशी करून तो 3,000च्या आसपास आणला. बाजार काही बुडाला नाही.

हिशेबनीस: कारण दर मागाहून बदलायचं कलम तिथल्या नियमांत आधीपासून होतं. आपल्याकडे वीज बाजारात दिवसाचे 96 भाग, खरेदी-विक्रीच्या बोलींवरून 15 मिनिटांना एक दर. दर हलवला की कोणाची बोली बसली आणि कोणाची नाही, तेही बदलतं. ज्याची वीज तेव्हा घेतलीच नाही, त्याला काय देणार? शिवाय केंद्रीय वीज नियामक आयोगाची युनिटला 10 रुपयांची मर्यादा आहेच, 650चा धसका इथे कशाला?

म्हापसेकर: ज्याची घेतली नाही त्याला काहीच नको. युनिटं तीच ठेवा, फक्त दर बदला.

डिचोलीची माई: तुमचं चालू द्या. वीज खात्याच्या बिलात इंधनाचा अधिभार लागतो तो आम्ही मुकाट भरतो. परतावा मिळालाच तर तो आमच्या बिलापर्यंत पोचेल का, हे कोणी बोलत नाही.

फोंडेकर: माई, बरोबर. दर नव्याने काढण्याच्या आदेशातच लिहायला हवं, किती दिवसांत ग्राहकाच्या बिलातून वजा करायचं ते.

कुंडईवाला: आणि चौकशीत निघालं की दर चुकून कमी लागला होता, तर? मागची थकबाकी भरणार का फोंडेकर?