अण्णांचा प्लेटलेटचा रिपोर्ट: ६४ टक्के म्हणजे गोळी लागू पडत नाही का?

कृष्णाकाठ:
अण्णा ६८ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला. अ‍ॅस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ चालू आहे. हल्ली दाराची कडी लागली तरी दंड काळानिळा होतो. शेजारचे म्हणाले, रक्ताचं पाणी झालंय, एक गोळी सोडा. म्हणून आम्ही परस्परच प्लेटलेट्सची (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींची) तपासणी करून घेतली. अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिड ९ टक्के, कोलॅजेन ५८, एडीपी ६४. खाली शेरा, क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी. म्हणजे रक्त पातळ झालंय की नाही? गोळी सोडायची की वाढवायची?

निवृत्त_लॅबवाली:
दादा, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका. चार महिन्यांचा स्टेंट आहे, त्यात गुठळी झाली तर जिवावर बेतेल.

आता रिपोर्टचं. मी ३१ वर्षं लॅबमध्ये काढली, बरीचशी याच मशीनपुढे, त्यामुळे जरा लांबण लावते. सायट्रेटच्या निळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त हळू फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर गढूळ पिवळसर पाणी राहतं. त्यात प्लेटलेट्स. ती नळी दिव्यासमोर धरून हलकेच हलवली की आत रेशमासारखी झाक फिरते. झाक दिसली की आम्ही म्हणायचो, माल ताजा आहे. मग ३७ अंशांवर, आत छोटी सळई भिरभिरत असताना, एडीपीचा, म्हणजे प्लेटलेट्सना चेतवणाऱ्या रसायनाचा, थेंब टाकायचा. प्लेटलेट्सचे गोळे होतात, पाणी निवळतं, उजेड जास्त आरपार जातो आणि रेघ वर चढते. तुमचे ६४ म्हणजे ती चढण. ही युक्ती गुस्ताव बॉर्न यांची, १९६२ची. (त्यांचे वडील भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न, सी. व्ही. रामन यांनी बोलावलं म्हणून १९३५-३६ मध्ये बंगळुरूला येऊन राहिले होते.)

पण हे झालं प्लेटलेट्सचं एकमेकींना चिकटणं. जखमेच्या भिंतीला पहिल्यांदा जाऊन चिकटणं वेगळं. ते मोजायला पूर्वी काचेच्या मण्यांची नळी असे, नॉर्वेच्या हेलेम यांची, १९६०ची. आमच्या सरांनी एकदा करून दाखवली होती. रक्त मण्यांतून जाण्याआधी प्लेटलेट्स मोजायच्या, बाहेर आल्यावर पुन्हा मोजायच्या. जितक्या कमी भरल्या तितक्या मण्यांना चिकटल्या. रक्त ढकलायचा वेग जरा बदलला की उत्तर बदलायचं. शेवटी सरच वैतागले. अण्णांच्या गोळ्या हे भिंतीला चिकटणं फारसं अडवत नाहीत. त्या पुढची गर्दी अडवतात: अ‍ॅस्पिरिन अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिडपासून थ्रॉम्बोक्सेन (प्लेटलेट्सना गोळा करणारं रसायन) बनू देत नाही, क्लोपिडोग्रेल एडीपीचं एक दार लावून घेतं. म्हणून ९ हा आकडा अ‍ॅस्पिरिनचा आणि ६४ क्लोपिडोग्रेलचा.

आता सांगा, रक्त कुठे घेतलं आणि मशीनवर किती वाजता गेलं?

कृष्णाकाठ:
घरीच, ८:१० ला. रिपोर्टवर तपासणीची वेळ ३:२० आहे. मुलगा बर्फाच्या डब्यातून घेऊन गेला.

निवृत्त_लॅबवाली:
बर्फ! मग तो ६४ विसरा, आणि ९ सुद्धा. ही तपासणी रक्त घेतल्यापासून चार तासांत व्हायला हवी, आणि तोवर नळी साध्या खोलीतच ठेवायची. गारठली की चपटी प्लेटलेट गोल होते, तिला काटे फुटतात. नवी असताना मीही एकदा नळ्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. सरांनी नळी दिव्यासमोर धरली, झाक नाही. एक शब्द बोलले नाहीत. पेशंटला परत बोलावलं आणि सुई मलाच टोचायला लावली.

गोळ्यांचं_दुकान:
काकूंनी सांगितलंच आहे. मला एक विचारायचंय, अण्णा अ‍ॅसिडिटीला काय घेतात? क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावरच कामाचं होतं, आणि ज्या एन्झाइममुळे होतं त्यालाच ओमेप्राझोल अडवतं. पॅन्टोप्राझोलचा तेवढा त्रास नाही. आणि गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, ते अ‍ॅस्पिरिनच्या आड येतं.

कृष्णाकाठ:
ओमेप्राझोलच निघालं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत नाही, अण्णा स्वतःच आणत होते, म्हणे दोन वर्षांपासून. शुक्रवारची वेळ मिळाली आहे. दोन्ही गोळ्या चालू ठेवल्यात.

निवृत्त_लॅबवाली:
छान. ओमेप्राझोलचं पाकीटच सोबत न्या, नाव सांगताना अण्णा चुकतील. तोवर दंडावरच्या डागाची कड पेनाने आखून ठेवा, म्हणजे वाढतोय का ते कळेल. शौचाला काळं झालं किंवा लघवीत लाल दिसलं, तर शुक्रवारपर्यंत थांबू नका.