'पॉवर सप्लाय कोणताही चालतो' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

खुडबुड्या

परवा इथे 'उद्याचा विचार' यांनी पहिला पीसी स्वतः जोडणाऱ्यांसाठी सल्ला टाकला. थोडक्यात सांगतो. बजेट कितीही तंग असू दे, घ्यायचा तर एएम५ च (एएमडीच्या प्रोसेसरचं नवं सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) घ्या, कारण फ्युचर प्रूफ, पुढेही चालेल म्हणून. अर्धं बजेट ग्राफिक्स कार्डात घाला. आणि पैसे कमी पडले तर केस आणि पॉवर सप्लायवर वाचवा, 'पॉवर सप्लाय कोणताही चालतो, वॅट भरले की झालं'. खाली सगळे 'सेव्ह केलं', 'मस्त माहिती'. दोन दिवस दातओठ खाऊन गप्प बसलो, आज राहवत नाही.

पहिलं म्हणजे हे फ्युचर प्रूफ. ज्याच्याकडे आज पैसे नाहीत त्याला तीन वर्षांनंतरच्या अपग्रेडसाठी आज जास्त मोजायला लावायचं हा कुठला हिशोब? एएम५ वर डीडीआर५ या नव्या रॅमशिवाय पर्याय नाही, मदरबोर्डही महाग, आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव कुठे गेले ते सगळ्यांनी पाहिलंय. एआयवाल्यांची डेटा सेंटरं सगळी मेमरी गिळतायत. त्यापेक्षा आधीच्या एएम४ सॉकेटवर एएमडीचाच रायझेन ५ ५६०० प्रोसेसर घ्या, ६ कोर १२ थ्रेड, साधा बी५५० बोर्ड, कुणाकडून जुनी डीडीआर४ रॅम मिळाली तर सोन्याहून पिवळं.

आणि पॉवर सप्लायबद्दल काय बोलू. घरातला माझा पहिला जोडलेला पीसी आठव्या महिन्यात गेला. फट् आवाज, जळका वास, संपलं. डब्यावर ५०० वॅट छापलेलं होतं. नंतर लेबल नीट वाचलं तर १२ व्होल्टच्या रेलला, म्हणजे सप्लायमधून निघणाऱ्या १२ च्या लाईनला, २० अँपिअर, म्हणजे २४० वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर, जे आजच्या मशीनला जवळजवळ लागतच नाहीत. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ वर जगतात. सप्लाय एकटा गेला असता तर रडलो नसतो, तो बोर्डाला सोबत घेऊन गेला.

उद्याचा विचार

माझ्यावर अख्खा धागा? मान वाढला म्हणायचा. 'कोणताही' म्हणजे रस्त्यावर पडलेला असं मी म्हटलं नव्हतं, पण ठीक आहे, शब्द माझाच होता.

बाकी एएम५ चं मी मागे घेणार नाही. २०१७ साली ज्याने एएम४ चा बी३५० बोर्ड घेतला त्याच्या त्याच बोर्डावर बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मारून २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर चालतो. पाच वर्षं! बोर्ड तोच, रॅम तीच, विंडोजही बहुतेक तीच. एएम५ ला एएमडीने २०२७ आणि पुढेही सपोर्ट देऊ म्हणून सांगितलंय. तुमचा एएम४ वाला नवखा तीन वर्षांनी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही एकदम फेकणार. स्वस्त कोण पडलं?

खुडबुड्या

ते बी३५० चं पुराण अर्धंच सांगताय. २०२० मध्ये एएमडीने आधी सांगितलं की ५००० सिरीजचे प्रोसेसर फक्त ५०० सिरीजच्या (बी५५० वगैरे) बोर्डांवर. लोकांनी बोंब मारली तेव्हा ४०० ला परवानगी आली. बी३५० वाल्यांना तर २०२२ उजाडेपर्यंत ताटकळत ठेवलं. वचनावर बोर्ड घेतलेल्यांना विचारा त्या दोन वर्षांबद्दल.

आणि तीन वर्षांनी अपग्रेड करणारे नवखे किती बघितलेत तुम्ही? मी बघितलेले सगळे पाच-सहा वर्षं तेच मशीन घासतात.

पहिलटकर

नमस्कार, मी अगदीच नवीन आहे. अभ्यास, थोडं व्हिडिओ एडिटिंग आणि अधूनमधून गेम एवढंच करायचंय. बजेट खरंच खूप कमी आहे. ५६०० घेतला तर ग्राफिक्स कार्ड लगेच घ्यावंच लागेल का?

दुपारची झोप

पहिलटकर, हो, लगेच लागेल. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाहीच, कार्डाशिवाय स्क्रीनवर काही दिसणार नाही. इंटेलमध्येही नावाला शेवटी एफ असेल तर तेच, १२१००एफ वगैरे. हात तंग असेल तर ५६००जी घ्या, त्यात ग्राफिक्स आतच असतं, कार्ड वर्षभराने बघा. मी तसंच केलं, दीड वर्ष आरामात काढलं.

फक्त रॅम दोन काड्यांत घ्या. १६ ची एक नको, ८ च्या दोन. आतलं ग्राफिक्स सिस्टमची रॅमच वापरतं, एक काडी लावली की ते लंगडतं. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात. आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम छापील स्पीडने चालवायची सेटिंग) चालू करा हो, मी सहा महिने ३२०० ची रॅम २१३३ वर चालवली आणि लोकांना सांगत फिरले की रॅमच्या स्पीडने काही फरक पडत नाही.

उद्याचा विचार

५६००जी मध्ये एक मेख आहे ती कुणी सांगत नाही. त्यात पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता) ३.० च आहे, जास्त वेगाचा ४.० नाही. नंतर स्वस्त म्हणून ६५००एक्सटी ग्राफिक्स कार्ड लावलं की बोंबलायचं, कारण त्या कार्डाला लेनच चार आणि मेमरी ४ जीबी. ३.० वर ते चांगलंच आपटतं. ६६०० घेतलं तर आठ लेन, फारसं जाणवणार नाही. बघा, मलाही थोडंफार कळतं.

दुपारची झोप

हे मात्र मला माहीत नव्हतं. नशिबाने मी ६६०० च घेतलं.

तांब्याची तार

मूळ मुद्द्यावर येतो. पॉवर सप्लायबद्दल दोघेही अर्धवट बोलताय. आता कुणीतरी येणार आणि म्हणणार '८० प्लस गोल्ड घ्या', म्हणून आधीच सांगतो. तो बिल्ला फक्त एफिशियन्सीचा आहे. ११५ व्होल्टच्या तक्त्यात अर्ध्या लोडवर ब्राँझ ८५ टक्के, गोल्ड ९०. मशीनने ३०० वॅट मागितले तर भिंतीतून ब्राँझ ३५३ घेणार, गोल्ड ३३३. वीस वॅटसाठी बजेटवाल्याने वेगळे पैसे मोजायचे? शॉर्ट सर्किट झालं तर बंद पडणार का, व्होल्टेज वर गेलं तर काय, याबद्दल बिल्ला एक अक्षर बोलत नाही. टेस्ट २३ डिग्रीला, आणि नमुना कंपनीनेच पाठवलेला. तुमच्या केसमध्ये २३ डिग्री असतं का कधी?

उद्याचा विचार

म्हणजे बिल्ल्याला अर्थ नाही! मग मी वेगळं काय म्हणत होतो?

तांब्याची तार

बिल्ल्याला अर्थ नाही म्हणजे कुठलाही डबा उचला असं होत नाही. नीट वाचा तरी.

खुडबुड्या

तार, तुमच्याबद्दल आदर आहे पण इथे थोडे ताणताय. गोल्डला पोचायचं तर आत एलएलसी आणि डीसी टू डीसी (नव्या पद्धतीची सर्किटं) असलेलं बरं डिझाईन घ्यावंच लागतं. जुनाट ग्रुप रेग्युलेटेड माल घेऊन तिथे पोचणं कठीण. म्हणजे बिल्ला थेट काही सांगत नसला तरी चुगली करतोच.

तांब्याची तार

चुगली करतो, मान्य. पण चुगलीवर पैसे लावायचे नसतात. मी भंगार प्रोटेक्शन असलेले गोल्ड उघडून पाहिलेत आणि दहा वर्षं चाललेले ब्राँझही. मॉडेलचं नाव टाकून कुणी उघडून टेस्ट केलाय का ते बघायचं आणि वॉरंटी किती वर्षांची ते बघायचं, बस. सात-दहा वर्षांची वॉरंटी देणारा स्वतःच्या पोटावर पाय ठेवून देत नाही.

शांत पंखा

तुम्ही वॅट मोजत बसा. मला एक सांगा, ही समोर आडवी काच लावलेल्या केस कोण बनवतं आणि का? पुढे तीन रंगीबेरंगी पंखे आणि त्यांच्या नाकाशी काच! हवा येणार कुठून? पंखे मग विमानासारखे ओरडतात. मी माझी काच काढून जाळी लावली, आवाज निम्म्यावर आला. दिवाळं निघालेल्या बजेटमध्येही लोक आरजीबी दिव्यांचे पैसे काढतात आणि मग ८ जीबी रॅमवर भागवतात.

उद्याचा विचार

आवडतात दिवे एखाद्याला. तुमच्या घरी लावायला सांगितलेत का?

शांत पंखा

नाही, पण डोळ्यांवर पडतात ना त्यांचे फोटो.

दुपारची झोप

काचेवरून भांडण सुरू व्हायच्या आत एक खरंच महत्त्वाचं सांगते, कारण सप्लायचाच विषय आहे. मॉड्युलर सप्लाय (ज्याच्या केबल काढता-लावता येतात) बदलताना जुन्या केबल तशाच ठेवू नका. मी आळस केला. नवीन सप्लाय वेगळ्या कंपनीचा, पण साटाची (डिस्कला वीज देणारी) जुनी केबल नव्याच्या सॉकेटात छान बसली. बसली म्हणजे जुळली असं वाटलं. सप्लायच्या बाजूच्या पिनांना कुठलंही स्टँडर्ड नसतं, स्टँडर्ड फक्त पार्टच्या बाजूला. ५ व्होल्टच्या तारेत १२ गेले. एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही एका सेकंदात. हार्ड डिस्कवर आईचे फोटो होते. बॅकअप होता का विचारू नका.

तांब्याची तार

हे वाचून पोटात गोळा आला. बिल्ल्याचं सगळं सोडा, हे मात्र पहिल्या पानावर लिहून ठेवायला हवं. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही पिना वेगळ्या असू शकतात.

उद्याचा विचार

हे मलाही माहीत नव्हतं, खरं सांगतो. ठीक आहे, खुडबुड्या, पॉवर सप्लायवरचं वाक्य मी सल्ल्यातून काढतो. खूश? 'कोणताही' च्या जागी 'लेबल वाचून, चांगल्या वॉरंटीचा' असं टाकतो. एएम५ चं तसंच राहणार.

खुडबुड्या

काढलंत, उपकार झाले. एएम५ चंही बघू, अजून दोन दिवस रजा आहे माझी.

माझंही एक मान्य करून टाकतो, नाहीतर तुम्हीच काढाल. जुना बी४५० बोर्ड स्वस्तात घेणाऱ्याला बायोस जुना निघाला तर ५६०० घेऊन तो उठणारच नाही, आणि बोर्डाला फ्लॅशबॅकचं (प्रोसेसरशिवाय बायोस अपडेट करायचं) बटण नसेल तर जुना प्रोसेसर उसना आणावा लागतो. नवख्याला हे झेपत नाही. म्हणून बोर्ड नवा बी५५० घ्या म्हणतो, आणि तोही बायोसबद्दल विचारून.

उद्याचा विचार

म्हणजे स्वस्तातलं एएम४ पण पूर्ण स्वस्त नाही. नोंद घेतली.

खुडबुड्या

घ्या, घ्या. फ्रेम करून लावा.

शांत पंखा

प्रोसेसरसोबत येणाऱ्या स्टॉक कूलरला थर्मल पेस्ट लागलेलीच येते, त्यावर परत पेस्ट थापू नका. आणि एएम४ चा कूलर काढताना थेट वर ओढू नका. मशीन जरा तापवून, हलकेच डावी-उजवीकडे फिरवून काढा. नाहीतर कूलरला चिकटून प्रोसेसरच सॉकेटातून बाहेर येतो, पिनांसकट. मी वाकलेल्या अकरा पिना शिसपेन्सिलीच्या टोकाने सरळ केल्यात, हात थरथरत होते. एएम५ ला पिना बोर्डात असतात. तेवढ्यापुरता त्या विचारवाल्यांचा मुद्दा मला पटतो.

उद्याचा विचार

धागा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी पटलं म्हणालं. तेही तेवढ्यापुरतं.

पहिलटकर

सगळ्यांचे आभार, खूप शिकायला मिळालं. तुमची चर्चा वाचून जरा भीतीच वाटली, त्यामुळे मी जोडायचा बेत सोडला. काल एक वापरलेला ऑफिसचा पीसी घेतला, आठव्या पिढीचा आय५, १६ जीबी, विंडोज ११ चालतं. छोटासा डबा आहे. नंतर पैसे जमले की त्यात ६६०० लावेन म्हणते.

तांब्याची तार

डबा उघडून पाहिलात का? सप्लाय किती वॅटचा आहे? आणि बोर्डाला जाणारा मोठा प्लग २४ पिनांचा आहे ना? या ऑफिसवाल्या पेट्यांत कंपन्या स्वतःचे सहा-आठ पिनांचे प्लग घालतात, बाहेरचा सप्लाय सरळ लागत नाही. कार्डाला द्यायला आठ पिनांची वेगळी वायरही नसते. आणि डबा अगदी बारका असेल तर आत फक्त अर्ध्या उंचीचं कार्ड मावतं.

पहिलटकर

प्लगच्या पिना मोजल्या, सहा आहेत. सप्लायवर २१० वॅट लिहिलंय. का, काही प्रॉब्लेम आहे का?

खुडबुड्या

उद्याचा विचार, आता तुम्ही बोला. माझ्याच्याने नाही होणार.